ट्रॉलीचा ॲक्सल कुठल्या पोलादाचा? ताकद आणि वजन ताडून पाहायची रीत

गणपती उठले की सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या शेडसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत ज्याला त्याला आपली गाडी तयार हवी असते. गेल्या हंगामाआधी मंद्रूपहून एक तरुण आला. जुनी ट्रॉली मोडीत काढून नवी बांधायची होती. त्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर मोबाईलमध्ये बघून पोलादाच्या एका ग्रेडचं नाव लिहिलं होतं, ईएन २४. म्हणाला, "मालक, ॲक्सल ह्याचाच टाका. सगळ्यात भारी हेच असतंय म्हणं. ट्रॉली हलकी बी झाली पायजे आन् तुटाय बी नको."

मी मांडणीवरून दोन गोल तुकडे उचलले. दोन्ही ५० मिलिमीटर व्यासाचे, १०० मिलिमीटर लांब, लेथवर तोंड मारून सारखे केलेले. एक ईएन ८, दुसरा ईएन २४. नट-बोल्ट मोजायच्या काट्यावर एकेक ठेवला. पहिला भरला १.५४ किलो. दुसराही १.५४ किलो. पोराने दोन्ही हातात तोलून पाहिले, पुन्हा काट्यावर ठेवले आणि म्हणाला, "मग हलकं कुठं झालं?"

सगळा विषय या प्रश्नापासून सुरू होतो. माझे वडील गिरणीत फिटर होते, मी २७ वर्षं हे शेड चालवतोय, आणि गाडीच्या भागासाठी पोलाद निवडताना लोक जिथे चुकतात ती जागा हीच. महाग ग्रेड घेतला की भाग हलका होईल असं वाटतं. तसं होत नाही. साधं एमएस (माइल्ड स्टील) घ्या, ईएन ८ घ्या, ईएन १९, ईएन २४, कमानपाट्याचं म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं पोलाद घ्या, घनता सगळ्यांची घनसेंटीमीटरला ७.८५ ग्रॅमच्या आसपासच. क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम टक्क्या-दीड टक्क्यात पडतात, त्यांनी वजन हलत नाही. म्हणून गोल सळईचं वजन काढताना ग्रेड विचारायची गरजच नसते. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. पत्र्याचं त्याहून सोपं: एक मीटर बाय एक मीटर, एक मिलिमीटर जाडी, वजन ७.८५ किलो. वजन कमी करायचं तर माप कमी करावं लागतं, दुसरी वाट नाही. चांगलं पोलाद माप कमी करायची परवानगी देतं, तेवढंच. ही परवानगी कुठे खरी असते आणि कुठे फसवी, ते ओळखायला शिकायचं.

आधी दोन आकडे समजून घ्या. यील्ड म्हणजे ज्या ताणानंतर भाग वाकला की वाकलेलाच राहतो. टेन्साइल म्हणजे ज्या ताणाला तो तुटतो. दोन्ही मेगापास्कलमध्ये लिहितात. मी पोरांना असं सांगतो: २५० मेगापास्कल म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेला साधारण २५ किलो लटकवल्यासारखं. त्याच्या वर गेलात की तार लांबलेलीच राहणार. हे आकडे तुमच्या हातात रोज असतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं बघा. पहिल्या ८ ला १०० ने गुणलं की टेन्साइल ८००, आणि त्याचे आठ दशांश म्हणजे यील्ड ६४०. १०.९ चा टेन्साइल १०००, यील्ड ९००. ज्याला बोल्टचं डोकं वाचता येतं त्याला पोलादाचं सर्टिफिकेटही वाचता येतं.

आमच्याकडे रोज लागणारी पोलादं अशी. चॅनेल, अँगल, पत्रा हे बहुतेक आयएस २०६२ या भारतीय मानकाचं. त्यात ई २५० म्हणजे यील्ड २५०, ई ३५० म्हणजे ३५०, पुढे ई ४१०, ई ४५०. नावातच यील्ड आहे, हे फार सोयीचं. फक्त जाडी वाढली की आकडा थोडा उतरतो. ई २५० चा २० मिलिमीटरच्या आत २५०, त्यापुढे ४० पर्यंत २४०, आणि त्याहून जाड असेल तर २३० धरायचा. ॲक्सल, पिना, शाफ्ट यांना ईएन मालिका. हे नंबर इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमाराला पाडले. इंग्लंडात ते कधीचे बदलले, आपल्या बाजारात अजून तेच चालतात. ईएन ८ म्हणजे ०.४ टक्के कार्बनचं साधं पोलाद, नॉर्मलाइज केलेलं, म्हणजे तापवून हवेत थंड केलेलं असेल तर यील्ड २८० आणि टेन्साइल ५५०. ईएन १९ मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, ईएन २४ मध्ये त्या जोडीला दीड टक्क्याच्या आसपास निकेल. ही दोन्ही 'टी' अवस्थेत, म्हणजे हार्डनिंग-टेम्परिंग करून त्या ताकदीला आणलेली घेतली तर टेन्साइल ८५० ते १०००, यील्ड ६८० च्या आसपास.

'टी' अवस्थेत, हे शब्द महत्त्वाचे. ईएन १९ ची सळई आणून, कापून, लेथवर फिरवून बसवली आणि हार्डनिंग-टेम्परिंग केलंच नाही, तर तुम्ही नावाचे पैसे दिले, ताकदीचे नाहीत. पोलादाची ताकद अर्धी रसायनात असते आणि अर्धी भट्टीत. लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेच हे काम, फक्त साडेआठशे अंशाला तापवून तेलात, आणि नंतर पुन्हा साडेपाचशे-सहाशेला टेम्परिंग.

आणि क्रोम-मॉली-निकेलचं खरं काम काय, तेही इथेच सांगतो. ईएन ८ चा लहान तुकडा पाण्यात विझवला तर तोही टणक होतो. पण ७५ मिलिमीटरचा जाड चौकोनी बार विझवा, वरची कातडी टणक होते आणि आतला गाभा मऊच राहतो, कारण आतली उष्णता पुरेशा वेगाने बाहेर पडत नाही. ईएन १९ मध्ये ते खोलवर जातं, ईएन २४ मध्ये त्याहून खोल, आणि निकेलमुळे धक्का सोसायची चिवटाई राहते. म्हणजे २० मिलिमीटरच्या पिनेसाठी ईएन २४ घेणं बहुतेक वेळा वाया. जाड भागासाठी तो घ्यायचा.

आता मोडण्याकडे येऊ. ग्रेड निवडायच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो: जुना भाग कसा गेला? शक्य असेल तर तुटलेला तुकडा आणायला सांगतो.

हे मी किंमत मोजून शिकलो. शेड सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका ट्रॉलीवाल्याचा ॲक्सल बेअरिंगच्या बैठकीपाशी तुटला होता, ईएन ८ चा. मी छाती काढून सांगितलं, आता ईएन २४ टाकतो, जन्मभर बघायला नको. भट्टीतून काढून आणला, झकास फिनिश दिलं, बसवला. त्याच हंगामात तो मोहोळच्या पुढे भरल्या उसासकट तुटला, आणि तुटला त्याच जागी. रात्री दोनला क्रेन लावून ऊस उचलावा लागला. कुणाला इजा झाली नाही, ही सिद्धरामेश्वरांची कृपा. मी दोन्ही तुटकी टोकं शेडमध्ये शेजारी शेजारी ठेवली आणि दोन दिवस बघत बसलो.

दोन्हीवर एकच चित्र होतं. कडेच्या एका बिंदूपासून सुरू होऊन आत पसरत गेलेल्या गुळगुळीत, काळपट रेषा, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. आणि उरलेला भाग खरखरीत, चकाकणारा, खडीसाखर फोडल्यासारखा. रेषांचा भाग म्हणजे चीर रोज थोडी थोडी पुढे सरकलेली, महिनोन् महिने. खरखरीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. यातून पुढचं वाचायचं. खरखरीत भाग लहान असेल, चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी, तर याचा अर्थ भार काही फार नव्हता, एवढ्याशा उरलेल्या मासावरसुद्धा तो शेवटपर्यंत तगला. पोलाद कमी पडलेलं नाही, चीर जिथे सुरू झाली ती जागा वाईट होती. खरखरीत भाग मोठा असेल तर भार खरोखरच जास्त होता. आणि रेषाच नसतील, भाग वाकून मग तुटला असेल, तर एकाच दणक्यात गेला.

माझ्या दोन्ही तुकड्यांत खरखरीत भाग अंगठ्याएवढा होता. चीर सुरू झाली होती ती शोल्डरच्या, म्हणजे जिथे ॲक्सलची जाडी एकदम बदलते त्या पायरीच्या कोपऱ्यात, जिथे माझ्या टूलने काटकोनात चर पाडली होती. रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, शून्य. ईएन २४ ला तर अशा चरीचा त्रास जास्तच, जितकं पोलाद टणक तितकं ते खाचेला हळवं. तिसऱ्यांदा मी पुन्हा ईएन ८ च वापरला, कोपऱ्याला ४ मिलिमीटरचा रेडियस दिला, बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासून ओरखडे घालवले, आणि बेअरिंगचा कोपरा त्या गोलाईवर अडकू नये म्हणून मध्ये एक कडी टाकली. ती ट्रॉली अजून चालते आहे.

थकव्याचा, म्हणजे पुन्हापुन्हा ताण बसून चीर पडण्याचा, ढोबळ हिशोब असा धरतात: घासून पॉलिश केलेल्या पोलादाला उलटसुलट ताणाखाली टेन्साइलच्या साधारण निम्मं जन्मभर पेलतं. पण हे पॉलिश केलेल्या नमुन्याचं. काळी कातडी तशीच असेल, खाच असेल, गंजाचे खड्डे असतील तर टेन्साइल वाढवून मिळालेला फायदा तिथेच गळून जातो. फिरणारा किंवा हेलकावणारा भाग असेल तर आधी रेडियस, मग पृष्ठभाग, आणि ग्रेड सर्वांत शेवटी.

मग त्या मंद्रूपच्या पोराला कागदावर हिशोब मांडून दिला. भाग नुसता ओढला जात असेल, जसा टाय रॉड किंवा साखळी, तर सरळ प्रमाण: यील्ड दुप्पट, तर क्षेत्रफळ निम्मं, वजन निम्मं. वाकणाऱ्या चपट्या पत्र्याला जाडी वर्गमुळाने उतरते. वाकणाऱ्या किंवा पिळल्या जाणाऱ्या भरीव सळईला घनमुळाने. म्हणजे फायदा पायरीपायरीने आटत जातो.

त्याचा ॲक्सल ७५ मिलिमीटर चौकोनी, लांबी १.८ मीटर. वजन ७९.५ किलो. ईएन ८ चा यील्ड २८०, ईएन १९ किंवा २४ 'टी' चा ६८०. ६८० भागिले २८० म्हणजे २.४३. त्याचं घनमूळ साधारण १.३४. ७५ भागिले १.३४ म्हणजे ५६ मिलिमीटर. तेवढ्या मापाचा ॲक्सल भरतो ४४ किलो. वाचले ३५ किलो. पोराचे डोळे चमकले, "बघा की, मी म्हणत होतो!"

पण दुसरी बाजू मांडायची राहिली होती. पोलाद लवतं किती, हे ग्रेडवर अवलंबून नसतं. ज्या आकड्यावर ताठपणा ठरतो तो सगळ्या पोलादांचा २०० ते २१० गिगापास्कलच्या आत असतो, मऊ असो की टणक. लवणं ठरतं मापावर, आणि भरीव बारला ते मापाच्या चौथ्या घातावर. ७५ भागिले ५६, त्याचा चौथा घात केला की साधारण सव्वातीन येतात. म्हणजे तोच ऊस भरल्यावर नवा ॲक्सल जुन्याच्या सव्वातीनपट लवणार. तुटणार नाही, कायमचा वाकणारही नाही, पण चाकं वरून आत कलणार, टायर एका कडेने खाणार, बेअरिंगच्या एकाच बाजूवर भार येणार. पस्तीस किलो वाचवायला टायरचा जोड घालवायचा. मी त्याला माझ्या मताने सांगितलं, ॲक्सल ७५ चाच ठेव, ईएन ८ चाच, रेडियस मी देतो.

वजन वाचवायची खरी जागा भरीव माल पोकळ करण्यात असते. त्याच्या ट्रॉलीत आडवी एक शाफ्ट होती, ५० मिलिमीटर भरीव. ५० चा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला १५.४ किलो. तिच्या जागी त्याच ग्रेडची नळी घेतली, बाहेरून ६० आणि आतून ४५. ६० चा वर्ग वजा ४५ चा वर्ग, भागिले १६२, म्हणजे ९.७ किलो. वजन एक तृतीयांशाहून जास्त घटलं. आणि ताकद? वाकायला आणि पिळायला ती भरीव सळईपेक्षा अठरा टक्के जास्त, ताठपणा चाळीस टक्के जास्त. ग्रेड तोच. कारण साधं आहे, वाकताना आणि पिळताना मधलं मास जवळजवळ काहीच काम करत नाही, सगळं ओझं बाहेरच्या कडेवर. ट्रकची प्रोपेलर शाफ्ट पोकळ असते ती उगाच नव्हे.

पत्र्याचा हिशोब मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. ट्रॉलीचा तळ ३.६ मीटर बाय २ मीटर, म्हणजे ७.२ चौरस मीटर. जुना तळ ५ मिलिमीटर ई २५० चा, वजन २८३ किलो. ४ मिलिमीटर केला तर २२६. वाचतात साधारण ५७ किलो. आता कुठला ग्रेड लागेल? ई ३५० साठी २५० भागिले ३५०, त्याचं वर्गमूळ ०.८४५, गुणिले ५, म्हणजे ४.२ मिलिमीटर. थोडक्यात कमी पडतो. ई ४१० साठी ३.९. जमतो. म्हणून ४ मिलिमीटर ई ४१०. तो आमच्या इथल्या दुकानात पडून नसतो, पुण्याहून मागवावा लागतो, दोन-तीन ट्रॉल्यांचा एकदम मागवला तर परवडतो.

ताठपणा मात्र जाडीच्या घनावर असतो. ४ चा घन ६४, ५ चा घन १२५, म्हणजे नवा तळ जवळजवळ दुप्पट लवणार. तेवढाच ताठ ठेवायचा तर खालची आडवी चॅनेलं ४०० मिलिमीटरवरून साधारण ३४० वर आणावी लागतात, म्हणजे दोन चॅनेलं जास्त. ७५ च्या चॅनेलचं मीटरला सातएक किलो वजन, दोन मीटरची दोन म्हणजे २८ किलो. वाचवलेल्यातलं निम्मं तिथेच परत गेलं. मग ठरवायचं की तळ लवला तर बिघडतं काय? उसाला काही बिघडत नाही. मुरूम, दगड वाहणार असाल तर बिघडतं, धोंडा आदळला की खळगा पडतो. त्याची ट्रॉली फक्त उसाची, म्हणून आम्ही एकच चॅनेल वाढवलं. बाजूच्या फळ्यांना तर ग्रेडही बदलला नाही. प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, तीन आडव्या घड्या मारून घेतल्या, घडीमुळे पातळ पत्रा ताठ झाला. जास्त यील्डचा पत्रा वाकवायचा असेल तर आतला रेडियस जाडीच्या दीड-दोन पट ठेवा आणि घडी रोलिंगच्या दिशेला आडवी घ्या, नाहीतर घडीच्या पाठीवर बारीक चिरा जातात. पत्रा थोडा मागेही उसळतो, तेवढा जास्त वाकवावा लागतो.

पातळ पत्र्याबद्दल आणखी एक. उसाचा रस आणि मळी पोलादाला खातात. अर्धा मिलिमीटर गंजला तर पाचातून गेला दहावा हिस्सा, तिनातून गेला सहावा. ग्रेड वाढवून पातळ झालात तर रंगावर कंजूषपणा करू नका, आणि पाणी साचेल असे कोपरे ठेवू नका.

वेल्डिंगपाशी बरेच हुशार लोक अडखळतात. जोडाच्या कडेला, जिथे वेल्ड संपून पत्रा सुरू होतो, तिथली थकव्याची ताकद पोलादाच्या ग्रेडने जवळजवळ वाढत नाही. ई २५० असो की ई ४५०, वेल्डची कड तीच, त्यातली बारीक खाच तीच. म्हणजे चांगल्या ग्रेडच्या भरवशावर चॅनेल पातळ केलंत आणि हादरे तेवढेच राहिले, तर ताण वाढला, जोडाची ताकद होती तेवढीच, आणि ट्रॉली जोडावर आधी फाटणार. पातळ करायचं तिथे जोड कमी ताणाच्या जागी न्या, वेल्डची कड ग्राइंडरने गोल करा, चॅनेलच्या पाखावर आडवं वेल्ड टाळा.

कुठलं पोलाद सहज वेल्ड होईल हे बघायला सर्टिफिकेटवरून एक बेरीज करतात: कार्बन, अधिक मँगेनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉली-व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल-तांब्याची भागिले १५. उत्तर ०.४ च्या आसपास असेल तर साधी काळजी पुरे. ईएन ८ चं येतं ०.५३, ईएन १९ चं ०.७९. ईएन ८ ला वेल्ड करायचंच असेल तर दीडशे-दोनशे अंशाला आधी तापवा, ईएन १९ ला अडीचशे-तीनशेला, भट्टीत सुकवलेला ७०१८ रॉड वापरा आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या. कमानपाट्याला तर वेल्डचा साधा चटकासुद्धा लावू नका. अर्थिंग पाट्यावर घेतलं आणि ठिणगी पडली, तर त्या ठिपक्यापासून चीर सुरू होते.

पाट्यांची गोष्ट वेगळी आहे. गाडीत हा एकच भाग असा, जिथे ताकद वाढली की फायदा वर्गाने वाढतो. कमानपाट्याचं काम ऊर्जा साठवायचं, आणि एक किलो पोलाद किती ऊर्जा साठवेल हे ते सोसत असलेल्या ताणाच्या वर्गावर असतं. सोसायचा ताण दीडपट झाला की सव्वादोनपट ऊर्जा. म्हणून पाट्यांना ईएन ४५ सारखं सिलिकॉनचं, किंवा क्रोम-व्हॅनेडियमचं पोलाद. त्यात पैसे घाला, वसूल होतात.

आता माल ओळखणं. एकदा एका व्यापाऱ्याकडून ईएन १९ म्हणून बार घेतला, बिलावर तसंच लिहिलेलं. भट्टीतून आल्यावर कडेला कडकपणा ठीक, पण कापून मधोमध मोजला तर फारच खाली. लॅबमध्ये तपासला तर क्रोमियम नाममात्र, मॉली नाहीच. ईएन ८ च्या भावाचा माल ईएन १९ च्या भावात. तेव्हापासून मी तीन गोष्टी सोडत नाही. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर, बारच्या टोकावर ठोकलेल्या नंबराशी जुळवून बघतो. टोकाच्या रंगावर विश्वास ठेवत नाही, प्रत्येक दुकानाचा रंग वेगळा. आणि ठिणगी बघतो. ग्राइंडरशेजारी भिंतीवर तारेत ओवलेले ओळखीचे तुकडे टांगलेत, एमएस, ईएन ८, ईएन १९, ईएन ३१. दिवा मालवून नवा बार आणि ओळखीचा तुकडा एकामागून एक चाकाला लावायचे. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, फुटत नाहीत. कार्बन वाढेल तसे त्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. ठिणगीवरून टक्का सांगता येत नाही, पण शेजारच्या तुकड्यापेक्षा वेगळी आहे एवढं नक्की कळतं, आणि शंका आली की लॅबला पाठवता येतं.

भट्टीतून आलेल्या भागाची ताकद तोडून बघावी लागत नाही. ब्रिनेल कडकपणा (टणक गोळी दाबून उमटलेल्या खळग्यावरून काढतात तो) मोजून घ्या आणि ३.४५ ने गुणा, टेन्साइल जवळपास मिळतो. २५० आला तर साधारण ८६०. 'टी' साठी तो २४८ ते ३०२ च्या मध्ये हवा. खूप वर गेला तर खुश होऊ नका, भाग ठिसूळ झालेला असू शकतो.

भाव ठरवताना किलोचा नव्हे, नगाचा काढा. समजा एक ग्रेड दीडपट महाग आहे, पण भाग ८० किलोचा ४४ वर आला, तर मालाचा खर्च उलट कमी झाला. त्यात भट्टी, जास्त वेळ चालणारं लेथ, टूलच्या टिपा मिळवा आणि मग बोला.

कारच्या बॉडीचं थोडक्यात. हल्लीच्या गाड्यांत दोन दारांच्या मधला खांब बहुतेक बोरॉन पोलादाचा असतो. नऊशे अंशाच्या वर तापवलेला पत्रा साच्यातच दाबून विझवतात, टेन्साइल १५०० पर्यंत जातो. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षा तपासायच्या चाचण्या सुरू झाल्यात, त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेत हाच खांब माणसाला वाचवतो. डेंटिंगवाल्या मित्रांना माझं कळकळीचं सांगणं: त्याला गॅसचा टॉर्च लावून सरळ करू नका. एकदा लाल झाला की भट्टीतली सगळी ताकद गेली, वर रंग चढवल्यावर कुणाला दिसणारही नाही. कंपनी सांगते त्या रेषेवर कापून नवा बसवा. स्टिअरिंग आणि ब्रेकचे भाग तर आम्ही शेडमध्ये बनवतच नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी.

मंद्रूपची ट्रॉली दसऱ्याला गेली. हंगाम संपल्यावर एप्रिलच्या उन्हात ती परत बोलावली, कारण पातळ तळाचा भरवसा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. सगळे जोड तारेच्या ब्रशने घासले, त्यावर रॉकेल लावलं, वीस मिनिटं मुरू दिलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड फासली. मग शेजारी हातोडीने हलके ठोके. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. तळाला काही नव्हतं. ॲक्सलच्या दोन्ही शोल्डरला काही नव्हतं. ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याच्या, उजव्या जोडापाशी नखाएवढी रेघ उमटली. ती ग्राइंडरने तळ लागेपर्यंत काढली, पुन्हा रॉकेल-खडू करून रेघ गेल्याची खात्री केली, ७०१८ ने भरली आणि कड गोल केली. पोराने मोबाईलवर त्या जागेचा फोटो काढून ठेवला, पुढच्या एप्रिलला तिथेच आधी बघायचं म्हणून.